शेठची चोरीला गेलेली डबी

मुलुंडच्या पोलीस ठाण्यात मी इन्स्पेक्टर होतो तेव्हाची एक फिर्याद अजून विसरलेलो नाही. दुपारी एक ट्रान्सपोर्ट मालक आपल्याच ड्रायव्हरला दंडाला धरून आत आला.

"साहेब, ह्याने माझ्या ट्रकमधला पार्ट चोरला. आत टाका."

पन्नाशीच्या मालवणी ड्रायव्हरने दंड सोडवून घेतला. "होय साहेबांनू, मीच काढलंय. लिवा." खिशातून वायरी लोंबणारी काडेपेटीएवढी काळी डबी काढून त्याने टेबलावर आपटली.

आरोपी कबूल, मुद्देमाल हजर. गुन्हा दाखल झाला असता तर त्या माणसाला पुन्हा कुणी ट्रकवर ठेवलं नसतं. ठाणे अंमलदाराने कागद ओढलाही. पण मालमत्तेच्या गुन्ह्यात चार गोष्टी विचारल्याशिवाय मी पेन उघडू देत नसे.

"वस्तू काय?"

"इलेक्ट्रॉनिक पार्ट."

"कंपनीने दिलेला?"

"नाही, बाहेरून बसवला."

"बिल?"

"एवढ्याशा डबीचं कसलं बिल, साहेब!"

"काम काय करते?"

मालक मोबाईल चाळू लागला.

"सांगा ना शेठ," ड्रायव्हर म्हणाला. "का मी सांगू?"

त्यानेच सांगितलं. नव्या डिझेल ट्रकमध्ये धूर स्वच्छ करायला युरियाचं द्रावण भरावं लागतं. टाकी रिकामी झाली की इंजिन दम सोडतं. ही डबी इंजिनाच्या कॉम्प्युटरला टाकी भरलेली आहे असं खोटंच सांगते. द्रावणाचा खर्च वाचतो, विषारी धूर रस्त्यावर.

"नियम आले की असं जुळवून घ्यावं लागतं, साहेब," मालक म्हणाला. "सगळेच करतात."

मी ड्रायव्हरकडे वळलो. "मग तू का काढलीस?"

"गेल्या महिन्यात आमच्यातल्या एकाक आरटीओने पकडल्यान. तेव्हा शेठ म्हणाले, डबी माझी नाय, ड्रायव्हरनेच बसवली. त्याची नोकरी गेली. ही गाडीत असताना मी स्टिअरिंगवर बसूचंय नाय."

मी कागद मालकापुढे सरकवला. "डबी तुमची असेल तर तसं लिहून सही करा. नसेल, तर चोरी झालीच नाही."

त्याने कुणालातरी फोन लावून माझ्यापुढे धरला. "जरा बोला ना."

"फिर्याद तुमची आहे. तुम्हीच बोला."

"जाऊ दे, मिटवून टाकू."

मिटणार नव्हतं. डबी आपली असल्याचं तो चार पोलिसांसमोर बोलला होता. मी स्टेशन डायरीत नोंद केली, पंच बोलावून डबी जप्त केली, आरटीओला पत्र धाडलं. वरून दोन फोन आले. दोघांनाही मी पत्राचा जावक क्रमांक सांगितला. आठवड्याभरात त्याचे सगळे ट्रक तपासणीला उभे राहिले.

ड्रायव्हरवर गुन्हा नोंदला नाही. नोकरी त्याने त्याच दुपारी, माझ्यासमोर सोडली. "आता कर ना समाजसेवा," असं मालक म्हणाला, तेव्हा त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

त्या दिवसापासून एक गोष्ट मी हाताखालच्या प्रत्येकाला शिकवली. बेकायदा वस्तूवरचाही हक्क माणसाला सोडवत नाही. त्याला तो सांगू द्यावा, मध्ये बोलू नये, आणि शब्दन् शब्द लिहून घ्यावा.