कुठं निघालात, ते विचारायचं नाही

सापाला ‘जरा मान इकडं करा’ अशी अदबीनं विनंती करणारा माणूस उभ्या जोयडा तालुक्यात एकच आहे, आणि माझ्या नशिबानं तो माझा थोरला साडू आहे. माझ्या बायकोच्या अक्काचे हे यजमान. बाजारकुणंगच्या बाजूला त्यांचं घर, मागच्या दारातून पाऊल टाकलं की रान. वीजखात्यात लाईनमन म्हणून जन्म काढला. तारेमागोमाग रान तुडवताना नजर तारेवर बसलेल्या पाखराकडं गेली, ती पुन्हा माणसांकडं फारशी वळली नाही. मी रामनगरात हमरस्त्यावर ट्रकांच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. अंगावर पाल पडली तर मी दोनदा आंघोळ करतो आणि तिसऱ्यांदा करावी का, याचा विचार करत बसतो. अशा माणसाला असा साडू देताना देवानं माझी चौकशी केली नव्हती.

नोकरीत असताना एकदा दिग्गीकडची वीज सकाळी गेली ती दुपार टळली तरी आली नाही. लोक शोधत आले, तर साडू खांबाखाली हाताची घडी घालून उभे. खांबाच्या ताणाच्या तारेवर हरणटोळ, म्हणजे तो वेलीसारखा हिरवा साप, चढून बसला होता आणि तो आपणहून उतरेपर्यंत वर जायला हे तयार नव्हते. पुढं रोलचा कॅमेरा घेतला, तेव्हा घरच्यांना वाटलं आता तरी माणसात येतील. म्हणून धाकट्या मेहुणीच्या लग्नात फोटोचं काम त्यांच्याकडं दिलं. नेमका मांडवाच्या केळफुलावर शिंजीर, म्हणजे तो मध पिणारा इवलासा पक्षी, आला. रोलमधले एकोणतीस फोटो शिंजिराचे निघाले. उरलेल्या सातांत नवरी होती, त्यातल्या दोनांत पाठमोरी. मेहुणीनं चार वर्षं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, पण हे साडूंच्या लक्षात आलं होतं की नाही याची मला शंका आहे.

मला त्यांनी रानात एकदाच नेलं. एका फांदीला धरून मी दम खात होतो, तेवढ्यात ते माझ्या हाताकडं बघत हळूच म्हणाले, “हलू नका. उजेड बेस हाय.” माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर चापडा बसला होता. विषारी साप. त्यांनी मोजून सहा फोटो काढले आणि मगच मला हात काढायला सांगितलं. तो फोटो त्यांच्या घरात भिंतीवर आहे. त्यात कोपऱ्यात माझा अंगठा दिसतो.

आमच्याकडं घराबाहेर पडणाऱ्याला ‘कुठं’ असं विचारत नाहीत. विचारलं तर काम फिसकटतं. चुकून विचारलंच, तर त्यानं माघारी येऊन बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग निघायचं. बाकी घरांत हे आता कोणी फारसं पाळत नाही. साडूंनी मात्र ते घट्ट धरून ठेवलं, कारण देवधर्म न मानणाऱ्या या माणसाला तेवढाच एक रिवाज सोयीचा होता. चौतीस वर्षांत अक्कानं एकदाही विचारलं नाही. पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत कळ आली. बेळगावात हृदयात स्प्रिंग बसवली आणि डॉक्टरांनी चढ बंद म्हणून बजावलं. त्यांनी मान डोलावली आणि आठव्या दिवशी डोंगराला लागले. तेव्हापासून अक्काचं एकच भय. हा माणूस एक दिवस कुठल्यातरी झाडाखाली पडून राहील आणि आपल्याला दिशासुद्धा सांगता येणार नाही. हे भय ती मला फोनवर वाटून द्यायची, आणि मी ते माझ्या भयात मिसळून दिवसभर गिऱ्हाइकांना चुकीचे नट देत बसायचो.

यंदा शिमगा झाल्यावर तो दिवस आलाच. काही झालं तरी दुपारी भाताला घरी येणारे साडू तीन वाजले तरी आले नव्हते. अक्का रेंजसाठी टेकाडावर चढून बोलत होती, आणि तिचा आवाज नको इतका शांत होता. मी दुकान तसंच उघडं टाकून मोटरसायकल काढली. पोचलो तेव्हा शेजारचा कुणबी शेतकरी कोयता घेऊन तयार होता, पण जायचं कुठं? तेव्हा अक्का बोलली.

“गमबूट हितंच हाईत, म्हंजे ओढ्याकडं न्हाईत. कॅमेऱ्याची तिपाई नेलीया, म्हंजे एका जाग्याला बसणार. पाण्याच्या दोन बाटल्या नेल्यात, म्हंजे चढ हाय. वरच्या पठारावर बेहड्याचं झाड हाय, तिकडं जावा.”

चौतीस वर्षं न विचारता तिनं हे सगळं शिकून ठेवलं होतं.

पठारावर पोचलो तर बेहड्यासमोर साडू दुसऱ्या एका झाडाला पाठ टेकून बसलेले. मान कलती, हात मांडीवर, हालचाल नाही. शेतकऱ्यानं हाक मारली, तशी त्यांची तर्जनी हळूच वर झाली. हलू नका.

बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी होती. अंड्यांवर बसताना ती ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते आणि पिल्लं वाढेपर्यंत नरानं आणलेल्या फळांवर जगते. “सकाळपासनं नर आला न्हाई,” साडू कुजबुजले. “कुणी मारला असंल तर ही आत काय करंल?” त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला मात्र असा संताप आला की मी सापांची भीतीसुद्धा विसरलो.

“अक्कानं दुपारपासनं पाणी घेतलं न्हाई,” मी म्हणालो. “तीबी दारातच बसलीया.”

ते माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी तिपाई मिटली. नर आला की नाही हे न बघता ते उठले. उतरताना मात्र तीनदा थांबून मागं वळले. घरी अक्कानं भात गरम केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चपला घालत होते, आणि अक्का म्हणाली, “कुठं?” रात्री मुक्कामाला राहिलेला मी तिथंच चहा पीत होतो, मला ठसका लागला. साडू परत फिरले, ओसरीवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, “बेहड्याकडं. बघून येतो.” अकराला परतले. नर येत होता. कॅमेऱ्यातला फोटो त्यांनी पहिल्यांदा अक्काला दाखवला.

आता ते रोज सांगून जातात. परवा गेलो तेव्हा मी अक्काला म्हणालो, चला, तुमची काळजी तरी मिटली. ती तांदूळ निवडत होती.

“आदी न्हाई ठावं त्येच बरं हुतं,” ती म्हणाली. “तवा सगळ्या रानाचं भ्या हुतं, म्हंजे कुठलंच न्हवतं. आता त्यो कुठल्या दगडावर बसलाय त्ये दिसतंय मला.”

साडूंना यायला अजून तासभर अवकाश होता. मी दुकानाकडं परत निघणार होतो, पण सूप पुढं ओढलं आणि तिच्याबरोबर तांदूळ निवडत बसलो.