ग्रंथात नसलेलं वाक्य

मी ग्रंथपाल आहे आणि भांडखोर आहे. वर्ध्याच्या एका कॉलेजात एकोणीस वर्षं पुस्तकं देते-घेते आहे, आणि ई-रीडरविरुद्ध मी इतकी भाषणं ठोकली आहेत की स्टाफरूममध्ये कोणाकडे तो असलाच तर मी येताना दिसले की वहीखाली जातो. ‘पानाला जाडी नाही, पुस्तकाला वजन नाही, किती वाचून झालं विचारलं तर टक्के सांगतं, दहावीचा निकाल लागल्यासारखे,’ हे माझं ठरलेलं वाक्य. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मीच एक ई-रीडर विकत घेतला तेव्हा एका सहकाऱ्याने दारातच अडवून विचारलं, “आज सूर्य कोणीकडून उगवला, मॅडम?” मी गप्प बसले, याचंच त्याला जास्त आश्चर्य वाटलं.

मी तो आईसाठी घेतला होता.

आई पुलगावजवळच्या आमच्या गावात एकटी राहते. अंगणवाडीत तिने तीस वर्षं काढली. गावात आमचा बौद्ध विहार आहे, आणि वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, तिथे रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन चालतं. आधी वंदना, मग पंचशील, मग वाचन. दर वर्षी तोच ग्रंथ, बुद्धाच्या चरित्राचा आणि धम्माचा, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. पूर्वी एक रिटायर मास्तर वाचत. ते हजेरी घेतल्यासारखे वाचायचे आणि लोक हजेरी लावल्यासारखे ऐकायचे. ते मुलाकडे नागपूरला गेले आणि वाचन आईकडे आलं, त्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती. आई वाचायला लागली तशा मागे भिंतीला टेकून बसणाऱ्या बाया पुढे सरकल्या. बाबा गेल्यावर ती घराबाहेर पडेनाशी झाली होती; वाचनाने तिला बाहेर काढलं. दुपारीच पांढरं पातळ काढून ठेवायची, उद्याचं वाचन एकदा स्वतःशी वाचून घ्यायची. त्या तीन महिन्यांसाठी ती उरलेले नऊ महिने काढते, असं मी तिला चिडवायची. ती नाही म्हणायची नाही.

त्या मार्चमध्ये मी तिला वर्ध्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. नजर कमी झाली म्हणते, चष्म्याचा नंबर बदलला असेल, एवढंच डोक्यात. डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे, चष्म्याने फरक पडायचा नाही. आहे ते टिकवायचं. बारीक अक्षर आता विसरा, मोठं अक्षर मात्र वाचता येईल. आई म्हणाली, “हौ.” परतीच्या रस्त्यात तिने मला वांग्याचा भाव विचारला.

मोठं अक्षर म्हटल्यावर माझ्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. मोठ्या टाइपात तो ग्रंथ कुठे छापलेला मिळाला नाही. नाक मुठीत धरून ई-रीडर घेतला. पण त्यात घालायला जी प्रत मिळाली ती नुसते पानापानाचे फोटो. अक्षर मोठं केलं की ओळीचं शेपूट पडद्याबाहेर जायचं. अर्धी ओळ वाचा, सरकवा, परत मागे या. शेवटी मी स्वतः टाइप करायला बसले. रोज वाचनालय बंद झाल्यावर दीड-दोन तास. पहिल्या पंधरा दिवसांचं वाचन तयार केलं, पुढचं दर आठवड्याला भरत जाऊ असं ठरवलं. एकेक ओळ दोनदा तपासली. ज्या यंत्राला जन्मभर शिव्या घातल्या त्याच्यासाठी मान मोडून घेत होते.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी ई-रीडर घेऊन गावी गेले. आईने तो हातात घेऊन तोलला. “हे त पोळपाटाहून हलकं हाये.” मी अक्षर मोठं केलं, अजून मोठं केलं. पडद्यावर सहाच ओळी राहिल्या. ती वाकली आणि पहिली ओळ वाचली. मग दुसरी. मग एका दमात सहाही वाचल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, जिंकलो.

पण तिने तो ओट्यावर ठेवून दिला. “नको व माय.”

“काऊन?”

“याले पान नाई. वाचन संपल्यावर लोक इचारतेत, ताई, आज कोण्या पानावर आलो? काय सांगू, पाच टक्के?”

माझंच वाक्य माझ्या तोंडावर. मी म्हटलं, पान मी चिठ्ठीवर लिहून देईन. ती म्हणाली, लोक म्हणतीन ताई मोबाइल पाहून राह्यली. मी म्हटलं, म्हणू दे. ती म्हणाली, टेबलावर ग्रंथ उघडा ठेवतो, त्याले हात जोडतो, या पाटीले कोण हात जोडन? एकेक मुद्दा असा बिनतोड की मला मधूनच अभिमान वाटायचा. पुस्तकाच्या बाजूने इतकं चांगलं भाषण कॉलेजातही कोणी केलं नव्हतं. शेवटी माझीच आई, म्हटलं. पुस्तकावर जीव आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुसरी वाट काढली. म्हटलं, “तू नको वाचू. मी वाचते, तू आयक. माह्या टायपिंगमधे चूक सापडली त सांगजो.” चुका काढायला ती तयार झाली, अंगणवाडीची सवय. मी ई-रीडरमधून वाचू लागले. ती डोळे मिटून बसली होती आणि तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते, कधी अर्धा शब्द माझ्या पुढेच.

तिसऱ्या पानावर तिने हात वर केला. “थांब. हे वाक्य ग्रंथात नाई.”

“हाये.”

“नाई. हे तुह्या मशीननं घातलं, नाईतर तू घातलं. मी बारा साल वाचून राह्यलो, मले सांगते!” आमच्याकडे बायाही ‘मी जातो, मी वाचतो’ म्हणतात, चिडल्या तर हमखास.

आता माझी तपासणी दोनदा झालेली. मलाही राग आला. तावातावाने उठले, तिचा ग्रंथ आणला, ब्राउन कव्हर घातलेला, आणि ते पान काढून तिच्या पुढ्यात आपटलंच म्हणायला हरकत नाही. “हे पाय. हे काय हाये?” फार मोठं वाक्यही नव्हतं. दोन मोठ्या विचारांच्या मधलं, एकाकडून दुसऱ्याकडे नेणारं.

मी बोट ठेवलं होतं. आई त्या बोटाकडे पाहत राहिली. मग पान थोडं तिरकं केलं, डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, मग उजेडाकडे धरलं. मग ग्रंथ मिटला.

“तू वाचलं, म्हंजे असन,” ती म्हणाली.

आणि मला तेव्हा कळलं. डॉक्टरकडे जाताना ‘कमी झाली’ म्हणत होती ती नजर मागच्या वर्षावासाच्या आधीच गेली होती. मी विचारलं, “आई, मांगच्या साली तू कशी वाचली?”

तिने पदराचं टोक नीट केलं. मग एकदाचं सांगून टाकलं. “वाचलं नाई. पाठ म्हटलं. पुस्तक समोर उघडं ठेवलं, अंदाजानं पान पलटवत गेलो. जिथं आठोलं नाई तिथून पुढं गेलो.”

“कोणाच्या ध्यानात नाई आलं?”

विहारात समोर पहिल्या रांगेत एक बाई बसतात, आईच्याच वयाच्या, मांडीवर स्वतःचा ग्रंथ, ओळीवर बोट. बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा त्यांनी एका अनुस्वारासाठी आईला थांबवलं होतं. आईला वर्षभर त्यांचीच धास्ती. “त्यांच्या ध्यानात आलंच असन. पण त्या बोलल्या नाई. दया करून राह्यल्या होत्या माह्यावर.” दया हा शब्द तिने अळणी भाजीसारखा उच्चारला. “पुस्तक समोर असलं का सगळं झाकून जाते. तुह्या या पाटीत अक्षर एवढं मोठं, दुरून दिसन का ताईचे डोये गेले. मंग वाचन दुसऱ्याले देतीन. अन् मंग मी संध्याकाळी कुठी जाऊ?”

ती पुढे म्हणाली, आणि हे मी विसरणार नाही, “रोज पयले पंचशील म्हणतो सगळ्याईसंगं. मुसावादा म्हणतो. खोटं बोलणार नाई म्हणतो. अन् लगेच बसून खोटं वाचतो. तीन मयने.”

मला तिचा राग आला आणि माझा त्याहून जास्त आला. वर्षभर दर रविवारी फोनवर मी तिला काय वाचतेस विचारत होते आणि ती मला सांगत होती. पुस्तक की पाटी, एवढ्याच वादात मी रमले होते. पुस्तकामागे माझी आई लपली असेल हे इतकी वर्षं पुस्तकं हाताळणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नाही.

मी म्हटलं, “मांगचं जाऊ दे. सांगू नको कोणाले. यंदा याच्यातून खरं वाच, झालं.” तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ओट्यावरून ई-रीडर उचलला आणि पुढची सहा ओळींची पानं वाचत बसली.

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहार भरला. टेबलावर पांढऱ्या कापडावर ग्रंथ उघडा, मेणबत्त्या, अगरबत्तीचा धूर. वंदना झाली, पंचशील झालं. चौथ्या शीलाशी, मुसावादाशी, मी आईकडे पाहिलं. ती खणखणीत म्हणत होती. मग ती टेबलामागच्या सतरंजीवर बसली आणि पिशवीतून ई-रीडर काढला.

कुजबुज झाली. विहाराचे अध्यक्ष पुलगावच्या लष्करी डेपोतून रिटायर झालेले, नियमाचे पक्के. ते नम्रपणे पण स्पष्ट म्हणाले, “ताई, हे काय? ग्रंथाचं वाचन ग्रंथातूनच झालं पाह्यजे ना?”

आई बसल्या जागेवरून उठली. “भाऊ, ग्रंथातलं बारीक अक्षर मले दिसत नाई. दीड साल झालं. मांगच्या साली मी तुमाले वाचून नाई दाखवलं, पाठ म्हटलं. त्याच्यात वाक्यं गेली. किती गेली मले मालूम नाई.” तिने हात जोडले. “माफ करजा. आता वाचन कोणाले द्याचं ते तुमी ठरवा. पण ठरवाच्या पयले आजचं वाचन माह्या तोंडून आयका. खरं.”

उठून भांडायची तयारी मी करत होते, कोणाशी ते ठरलं नव्हतं.

अध्यक्ष गोंधळले. बोलायला काहीतरी हवं म्हणून पहिल्या रांगेतल्या त्या बाईंकडे वळले. “तुमी त समोर पुस्तक घेऊन बसता, बाई. तुमाले नाई समजलं?”

बाईंनी ओळीवरचं बोट उचललं. “मले कसं समजन, भाऊ? मले बी दिसत नाई. मी नुसतं बोट फिरवतो. ताईनं पान पलटवलं का मी पलटवतो.”

मागून कोणीतरी फसकन हसलं आणि मग सगळेच हसले, बाईही, आणि हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. आई मात्र हसली नाही. ज्यांच्या गप्प बसण्याला वर्षभर दया समजून ती झुरत होती त्या बाईंकडे ती बघत राहिली. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “वाचा, ताई,” म्हणाले.

आई वाचू लागली. नेहमीपेक्षा हळू, सहा ओळी झाल्या की थांबून पडद्याला बोट लावायची. तिसऱ्या पानावर ते वाक्य आलं. ते तिने वाचलं आणि सांगितलं, “हे मांगच्या साली गेलं होतं.” मग पुढे गेली.

पान संपल्यावर ती बाजूला सरकली. ज्या जागेसाठी तिने वर्षभर स्वतःची घुसमट सोसली होती त्या जागेवर हाताने थापटून तिने त्या बाईंना बोलावलं. “या, इथं बसा.”

“मले नाई येत ते मशीन.”

“मशीन मी पलटवतो. तुमी वाचा.”

बाई आल्या, बसल्या. पडदा जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला. मग वाचू लागल्या. पहिला शब्द आला, दुसरा आला, तिसऱ्यातल्या जोडाक्षराशी अडकल्या. आईला तो शब्द पाठ होता. तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि बाईंनी तो स्वतः वाचेपर्यंत ती थांबली.