बेसिनमध्ये ओतलेला गुलाबी रंग

सर्व वाचकांनी कृपया सरसावून बसावं, पंखा असल्यास बंद करावा आणि दाराला कडी घालावी. कारण मी आज एक अत्यंत गंभीर निवेदन करणार आहे. ते असं — मला फिकट गुलाबी रंग दिसत नाही.

हसलात ना? हसा. मीही हसलो असतो. पण हे वाक्य मी आजवर कुणापुढेच बोललेलो नाही. बायकोपुढेही नाही — तिची समजूत अशी, की मला साड्यांतलं काही कळत नाही. आता तुम्ही म्हणाल, एखाद्याला रंग दिसत नाही, यात कबूल करण्यासारखं काय? थांबा. मी नोकरीला कुठे होतो, ते तरी ऐका.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरच्या बाहेर एक ओतकामाचा कारखाना होता, कोळसाखाणीतल्या डब्यांची चाकं ओतायचा. त्याच्या प्रयोगशाळेत मी केमिस्ट. लोखंडात फॉस्फरस वाढला की चाक ठिसूळ होतं, म्हणून प्रत्येक ओताचा, म्हणजे भट्टीतून निघालेल्या प्रत्येक खेपेच्या लोखंडाचा, नमुना आमच्याकडे यायचा. तो विरघळवायचा, पुढचे सगळे सोपस्कार करायचे, आणि शेवटी काचेच्या चंबूत गुलाबी पाणी उरायचं. त्यात वरच्या नळीतून थेंबथेंब अ‍ॅसिड सोडायचं. गुलाबी फिकट होत होत पार जाऊन पाणी स्वच्छ झालं, की त्या थेंबाला थांबायचं. आधी थांबलात, तर फॉस्फरस आहे त्याहून जास्त निघतो. सगळी विद्या त्या एका थेंबात — आणि मला फिकट गुलाबी नि साधं पाणी सारखंच!

मग इतकी वर्षं निभावलं कसं? नाटक करून. दुसरं काय येत होतं मला? काचसामान धुणाऱ्या कौसल्याबाईंना मी शेजारी उभं करायचो आणि घनगंभीर आवाजात सांगायचो, की शास्त्रात एका माणसाची साक्ष चालत नाही. बाई चंबूकडे बघून "गेला" म्हणायच्या, मी तोटी बंद करायचो. प्रयोगशाळेच्या साहेबांना ही पद्धत इतकी आवडली, की त्यांनी तिचा नियमच केला. पाहुण्यांना ते मला दाखवायचे — हा आमचा सर्वांत काटेकोर माणूस. माझी छाती फुगायची. आणि रोज सकाळी फाटकातून आत शिरलो की आधी काचसामानाच्या मोरीकडे डोकवायचो — आज बाई आल्या असतील ना? सांगून टाकलं असतं तर काय झालं असतं? फार तर भांडारात बसवलं असतं. पण सर्वांत काटेकोर माणसाला भांडारात बसणं जमतं का?

एकदा बाई लेकीच्या बाळंतपणाला नागभीडला गेल्या. त्यांच्या जागी साक्षीदार म्हणून उभा राहिला रामटेके — सावली तालुक्यातला नवा केमिस्ट, नोकरी अजून कच्ची, घरात पगार आणणारा पहिलाच. मला भाऊ म्हणायचा, माझ्यासारखं मनगट फिरवायला शिकायचा. आणि नेमके त्याच दिवशी साहेब खाणीच्या इंजिनिअरांना घेऊन आत आले.

प्रेक्षक दिसले की माझं काय व्हायचं, कोण जाणे. मी चंबू गरगर फिरवला, कुणालाही न विचारता झटक्यात तोटी बंद केली आणि जाहीर केलं — गेला.

रामटेके हळूच म्हणाला, "भाऊ, गुलाबी आहे अजून."

करायचं काय होतं मला? आणखी थोडे थेंब सोडायचे, एवढंच. पण किती? दोन की दहा? ते त्याला विचारावं लागलं असतं — सगळ्यांसमोर, प्रत्येक थेंबाला. साहेब बघायला वाकू लागले. मी चंबू उचलला आणि बेसिनमध्ये ओतून दिला. वर हसून म्हणालो, "रामटेके, नागपूरले जाऊन डोळे दाखवून ये बरं."

सगळे हसले. विनोद उत्तम जमला होता.

आकडा माझाच धरला गेला आणि चांगल्या लोखंडाचा ओत परत भट्टीत गेला. तेवढ्यावर भागलं असतं — पण साहेब तो विनोद विसरले नाहीत. ज्याला रंग ओळखता येत नाही त्याला प्रयोगशाळेत कशाला ठेवायचं, असं त्यांनी मलाच विचारलं. माझा शब्द त्याच्या शब्दाहून जड का, हेही मला ठाऊक होतं. आमच्याकडे आडनावं सगळ्यांनाच वाचता यायची. मी काय केलं? मान हलवली — उभी. आठवड्याभरात रामटेके रोजंदारीवर वाळूचे साचे भरायला गेला. बाई परतल्या, आणि मी पुन्हा काटेकोर झालो.

मग एका दुपारी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्यानं मला गाठलं. कोपरापर्यंत वाळू, भोवती निम्म्या पाळीचे कामगार उभे. हा आता गळा धरणार म्हणून मी कप खाली ठेवला. पण रागाचं नावही नव्हतं त्याच्या चेहऱ्यावर. एखादं गणित पुन्हा पुन्हा मांडूनही सुटू नये, तसा तो माझ्याकडे बघत होता. आणि मग सगळ्यांदेखत त्याच्या तोंडून निघून गेलं —

"भाऊ, दाखवले ना मी डोळे नागपूरले. डॉक्टर म्हणते, नजर एकदम साफ आहे. मंग मले त्या दिवशी गुलाबी काऊन दिसून राह्यलं होतं?"