धुतलेला डबा

माझी मावशी एका मोठ्या दुकानाच्या दारात उभी असते. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचं बिल बघायचं, पिशवीत डोकवायचं, बिलावर शिक्का मारायचा आणि ‘या पुन्हा’ म्हणायचं. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे तिची नजर घरी आली तरी ड्यूटीवरच असते. मी तिच्याकडे शिकायला राहतो. सख्ख्या बहिणीचा मुलगा, तरी बाहेर पडताना माझ्या दप्तराकडे तिचं लक्ष जातंच.

दुकानातला तिचा एक ठोकताळा आहे. घाबरलेल्याला सोडावं, फार नीटनेटका दिसेल त्याला थांबवावं.

म्हणूनच ठमीचा डबा तिच्या डोळ्यांत खुपला. ठमी म्हणजे मावशीची लेक, वय सोळा. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून हे नाव पडलं. आता ती आठशे मीटर पळते, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. तर ही ठमी संध्याकाळी मैदानावरून यायची तेव्हा डबा धुतलेला असायचा. चकचकीत, कोरडा.

“जी पोरगी प्यायलेला पेला जागेवर ठेवत नाही, ती डबा धुते?” मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली. “काहीतरी शिजतंय.”

“मोठी झाली असेल.”

“तू एवढा घोडा झालास, तू धुतोस?”



पुढच्या काही दिवसांत तिने आणखी पुरावे जमवले. ठमीला उकाड्यातही स्वेटर लागतो. जिना चढताना ती नडगी दाबते. काही विचारलं की अंगावर येते. शेवटचा पुरावा सांगताना मावशीचा आवाज खाली गेला. कपाटातलं पॅडचं पाकीट गेले काही महिने फोडलेलंच नव्हतं. माझे कान तापले. मावशीचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

“मुलगा आहे कोणीतरी,” ती म्हणाली. “उद्या तिच्या मागे जा. आणि खोकू नकोस.”

दुसऱ्या दिवशी मी मैदानाच्या कुंपणाआड उभा राहिलो. सराव संपला. ठमी डबा घेऊन एकटीच मागच्या नळाकडे निघाली. तिने इकडे-तिकडे पाहिलं. आडोशाला खरंच कोणीतरी तिची वाट बघत होतं.

घरी आलो तर मावशी दारातच. “सापडला?”

“सापडला. काळा आहे, चांगला जाडजूड. चार पाय आहेत.”

रखवालदाराचं कुत्रं होतं ते. दोन अंडी आणि लोणी लावलेला पाव त्याने एका दमात संपवला होता. मग ठमीने नळावर डबा घासला होता.

मावशी हसली नाही. ठमी माझ्या मागोमाग आत आली, तर तिलाच धरलं. “डबा कुत्र्याला, ते कळलं. पण पाळी का थांबली? कोण आहे तो?”

पैसे भरलेल्या गिऱ्हाइकाला भर गर्दीत थांबवलं की ते जसं बघतं, तशी ठमी आईकडे बघत राहिली. मग ओरडली, “कोणी नाहीये! मशीन आहे!”

तिच्या पळण्याच्या सरांनी मैदानावरच्या खोलीत वजनाचं नवं मशीन आणलं होतं. त्यावर अनवाणी उभं राहिलं की अंगात किती टक्के चरबी आहे ते दिसायचं. सोळाच्या आत आलेल्या मुलीच स्पर्धेला जाणार होत्या. ठमी सुरुवातीला वीसवर होती. “सर म्हणाले, पळणाऱ्याला जादा सामान परवडत नाही.”

सकाळी आम्ही तिघं दवाखान्यात. मावशीचा डॉक्टरीणबाईंवरही विश्वास नव्हता. भिंतीवरचं त्यांचं सर्टिफिकेट ती शिक्का शोधत वाचत होती.

“वीस? मग बिघडलं काय?” बाई म्हणाल्या. “या वयाच्या खेळणाऱ्या मुलींमध्ये वीसच्या थोडं खाली, थोडं वर, सगळं चालतं. एकच आकडा सगळ्यांना कसा लावणार? आणि असली मशीनं ओल्या पायांना एक सांगतात, कोरड्यांना दुसरं. पाळी थांबली ना, ते बघा. पळणं जास्त आणि खाणं कमी झालं की शरीर असं कळवतं. हाडं भरायचं वय हेच.”

“म्हणजे चरबी असलेली बरी?” मावशीने डोळे बारीक केले.

“असायलाच हवी. चोरीचा माल आहे का तो?”

मावशीने सर्टिफिकेटवरची नजर काढून खुर्ची पुढे ओढली.

बाईंनी रक्त तपासलं, नडगीचा फोटो काढला. हाडात बारीक भेग निघाली. पळणं बंद, स्पर्धा गेली. ठमी रिक्षात खिडकीकडे तोंड करून रडली. मावशीचा हात तिच्या पाठीपर्यंत गेला आणि परत आला.

त्याच संध्याकाळी मावशी सरांच्या खोलीत गेली. आधी कोरड्या पायांनी मशीनवर उभी राहिली, मग नळावर पाय धुऊन. आकडे दोन निघाले, दुसरा बराच कमी.

“सर, एवढ्यात माझं इतकं सामान कुठून बाहेर गेलं? माझ्या दारातून गेलं असतं तर मी धरलं असतं.”

सर हसले, मग थांबले. मशीन आता कपाटात आहे म्हणतात. मावशीचा विश्वास नाही. ती अधूनमधून तिथून चक्कर मारते.

घरात ठमीने अट घातली. “मी खाईन. पण तू डबा उघडून बघायचा नाहीस.”

मावशीच्या दृष्टीने ही अट म्हणजे दुकानाचं दार सताड उघडं टाकून घरी जाणं होतं. पण तिने मानली. संध्याकाळी डबा ओट्यावर पडलेला असायचा. ती उचलायची, हातात तोलायची आणि तसाच खाली ठेवायची. मी हसलो की मला भांडी घासायला लावायची.

असे बरेच आठवडे गेले. ठमी पुन्हा हळूहळू नीट चालायला लागली, भांडायला तर आधीच लागली होती. मग एका सकाळी बाथरूममधून हाक आली, “आई, कपाटातलं पाकीट फोडून एक दे गं.”

मावशी हातातला चमचा घेऊनच धावली. परत आली ती माझ्याकडे पाठ करून फ्रिजसमोर उभी राहिली. मी पेपरात डोकं घातलं.

“काय रे,” ती जरा घोगऱ्या आवाजात म्हणाली, “इथली दोन अंडी कुठं गेली?”

“मी खाल्ली!” आतून ठमी ओरडली.

मावशीने कचऱ्याचा डबा उघडून वाकून पाहिलं. सवयच ती. टरफलं दोनच अंड्यांची होती, पण मावशी बराच वेळ वाकलेलीच होती.