खोली निघाली कन्याकुमारीला

पुढं जायचं ठरवणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात. पण मागं म्हणून यायचंच नाही असा निश्चय करून त्यापायी दोनशे पानी रजिस्टर भरणारा माणूस उभ्या मराठवाड्यात एकच असेल, आणि माझ्या नशिबानं तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे, हे यजमान. मूळचे देगलूरचे. नांदेडच्या एका तांत्रिक शाळेत फिटरकाम शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यामुळं शर्टाच्या खिशात पेनच्या जागी मापाची टेप, आणि कुठल्याही घरात पाऊल टाकलं की पाण्याच्या आधी दाराचं माप. माझ्या लग्नात त्यांनी स्टेज मोजलं आणि भर मांडवात जाहीर केलं, "डावीकडं दीड इंच उतार हाय. नवरदेव घसरंल." मी सगळे विधी डावा पाय रोवून उरकले. फोटोत मी जो करारी दिसतो, त्याचं कारण हे आहे.

अशा माणसानं निवृत्तीनंतर स्वस्थ बसावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती, पण जीपच्या मागं जोडून न्यायचं फिरतं घर बांधतील असंही कुणाला वाटलं नव्हतं. त्याचं झालं असं की अक्कांच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, एका जागी चाळीस मिनिटांच्या वर बसायचं नाही, मग अर्धा तास आडवं व्हायचं. अक्कांनी देवदर्शन सोडलं, लग्नं सोडली, माहेरही सोडलं. साडूंनी मात्र त्याच आठवड्यात रजिस्टर आणलं आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'सहकुटुंब कन्याकुमारी.' मी म्हणालो, "साडूभाऊ, रेल्वेत आडवं होऊन जाता येतं की." त्यांनी माझ्याकडं नापास विद्यार्थ्याकडं बघावं तसं बघितलं. "रेल्वे तिच्यासाठी थांबंल का? तिला वाटलं इथं जरा टेकावं, तर थांबंल? मी थांबन."

घर बांधलं नांदेडच्या देगलूर नाक्याच्या रशीदभाईंनी. रशीदभाई ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात. साडूंनी त्यांच्यापुढं पलंग, ओटा, खिडक्या, कमोड आणि देवघराचा कोनाडा यांचे नकाशे पसरले, तेव्हा ते दाढी कुरवाळत म्हणाले, "साब, ये घर हैं के गाडी? पैले ये फैसला करो. घर हैं तो खिडकी बडी बनातूं, गाडी हैं तो छोटी." साडू म्हणाले, "दोनो हैं." पलंगाची उंची ठरवायला अक्कांना तीनदा रिक्षानं नेऊन तीन वेगवेगळ्या पेट्यांवर झोपवून बघितलं. सव्वा वर्षानं ते तयार झालं, कागदपत्रं रीतसर झाली, आणि साडूंनी सगळ्यांना बजावलं की याला 'कॅम्पर' म्हणायचं. रशीदभाई शेवटपर्यंत ट्रॉलीच म्हणाले. अक्का म्हणाल्या, "खोली." घरात तेच चाललं.

मग वजनं. जीपनं किती ओढायचं याचा हिशेब पक्का हवा म्हणून साडूंनी प्रवासाला येणाऱ्या सगळ्यांना मोंढ्यातल्या एका ओळखीच्या धान्याच्या आडतीवर नेलं आणि पोत्यांच्या काट्यावर एकेकाला उभं केलं. सुनेनं साफ नकार दिला, तेव्हा तिच्या नावापुढं 'अंदाजे' असं लिहून त्यांनी जो आकडा टाकला, तो वाचून ती दोन दिवस बोलली नाही. माझा आकडा बघून म्हणाले, "साडू, तुम्ही चार किलो जास्त भरून राहिले. ते उतरवा, न्हाई तर लोणच्याची बरणी काढावी लागंल." आत आडतीच्या गादीवर टेकलेल्या अक्कांचा आवाज आला, "बरणी राहू द्या. साडूला ठेवा मागं."

पण खरी अडचण वेगळीच होती. मागं खोली जोडलेली जीप रिव्हर्स घेताना स्टिअरिंगचं चाक एकीकडं फिरवलं की खोली भलतीकडं जाते. साडूंनी मैदानात पाण्याच्या बाटल्या मांडून महिनाभर सराव केला. रोज जितक्या बाटल्या मांडल्या जात, तितक्या चपट्या होऊन घरी येत. चाळीस वर्षं पोरांना यंत्रं शिकवलेला माणूस, तो हरेल कसा? त्यांनी तोडगा काढला. मागं यायचंच नाही. नांदेड ते कन्याकुमारी असा रस्ता आखायचा, की रिव्हर्स एकदाही लागू नये.

त्या दिवसापासून रजिस्टर फुगत गेलं. दर चाळीस मिनिटांनी थांबायचं, ते सावलीत, आणि अशा जागी की एकीकडून शिरून दुसरीकडून निघता यावं. रोज सकाळी चहा झाला की साडू तेलंगण, आंध्रातल्या अनोळखी पेट्रोलपंपांना आणि ढाब्यांना फोन लावत. देगलूरच्या बालपणामुळं तेलुगू तोंडात होतीच. "नीड उंदा?" म्हणजे सावली आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न. झाड कडुनिंबाचं का चिंचेचं, हा दुसरा. तुमच्या पंपाला दोन फाटकं आहेत का, हा तिसरा. तिसऱ्या प्रश्नाला काही जण फोन ठेवत. हा माणूस दरोड्याची तयारी करतोय असं त्यांना वाटलं असणार. या तयारीत तीन वर्षं गेली. मुलाची रजा तीनदा मंजूर होऊन तीनदा वाया गेली, मलाही दुकान बंद ठेवणं जमेना, आणि शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही दोघंच जा."

दोघं निघाले. पहिला मुक्काम लातूरला, आमच्या घरी. आदल्या दिवशी त्यांनी मला चार फोन केले. "गल्ली आरपार हाय ना?" मी चारही वेळा हो म्हणालो. आणि खरंच होती. फक्त त्या सकाळी पलीकडच्या तोंडाशी शेजारच्या मुलीच्या लग्नाचा मांडव पडला होता आणि दुकान उघडायच्या घाईत मी ते सांगायचं विसरलो होतो. लोहा, अहमदपूर, चाकूर असे तिन्ही थांबे मिनिटभरही न चुकता घेत खोली दुपारी गल्लीत शिरली, आणि समोर रंगीत कापडाचा मांडव बघून थांबली. साडू खाली उतरले. त्यांनी मांडवाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. त्या नजरेनं माझे ते जास्तीचे चार किलो तिथंच उतरले असतील.

"काही बिघडलं न्हाई," ते म्हणाले. "मांडव उठंल तेव्हा जाऊ. मुक्काम वाढला समजा."

पण मुलीचे वडील हात जोडून आले. तासाभरात नवरदेवाकडची मंडळी त्याच गल्लीतून येणार होती. मग सुरू झाला तो प्रकार आमच्या गल्लीत अजून सांगितला जातो. साडू चाकावर, आणि मागं अर्धी गल्ली. "डावीकडं घ्या!" "माझी डावी का खोलीची?" "तुमची! न्हाई, खोलीची!" खोली एकदा माझ्या ओट्याला घासली, एकदा समोरच्यांच्या जास्वंदीत शिरली. साडूंचा शर्ट घामानं पाठीला चिकटला. तिसऱ्या प्रयत्नानंतर त्यांनी चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले. इतकी वर्षं मी त्यांना ओळखतो, त्यांचे हात असे रिकामे मी कधी बघितले नव्हते.

तेव्हा आत जाऊन आडव्या झालेल्या अक्का काठी टेकत घरातून बाहेर आल्या. हळूहळू खोलीच्या मागं, साडूंना आरशात दिसतील अशा जागी जाऊन उभ्या राहिल्या. गल्लीला म्हणाल्या, "सगळे गप बसा बरं." आणि मग आवाज चढवून, "अव्हो, ऐकून राहिले का? तुम्ही डोकं चालवू नका. मी काठी जिकडं करीन तिकडं चाक फिरवा. बस, एवढंच."

काठी उजवीकडं गेली, चाक उजवीकडं गेलं, खोली निमूटपणे डावीकडं वळली. अक्का एकेक पाऊल मागं सरकत होत्या आणि खोली त्यांच्यामागं गाईसारखी चालत होती. सबंध गल्ली त्यांनी अशी पार केली. ऑपरेशननंतर एवढं त्या कधी चालल्या नव्हत्या, हे माझ्या बायकोच्या ध्यानात आलं आणि तिचे डोळे भरले. मोठ्या रस्त्यावर आल्यावर साडूंनी विचारलं, "तुला हे येतं?"

"शिरूर अनंतपाळला बापाची बैलगाडी वाड्यात मागं कोण घालत होतं? भाऊ न्हाई आम्हाला. बैलं असोत का जीप, मागची चाकं उलटीच जातात."

"मग तीन वर्षं बोलली का न्हाई?"

"तुम्ही विचारलं का? तुम्ही तर पंपवाल्यांना विचारून राहिले होते."

दुसऱ्या दिवशी ते पुढं निघाले, पण रजिस्टरचा धाक संपला होता. कुठंही शिरता येतं, कुठूनही निघता येतं म्हटल्यावर अक्कांना रस्ताभर थांबावंसं वाटू लागलं. सीताफळं दिसली, थांबा. तळं दिसलं, थांबा. हैदराबादच्या पुढं त्यांनी विचारलं, इथनं जवळचा समुद्र कुठला? आणि आमचे साडू, ज्यांनी चहाला बारा मिनिटं लिहून ठेवली होती, ते कन्याकुमारी सोडून डावीकडं वळले.

पुढच्या वर्षी अक्कांची पाठ पुन्हा बिघडली. आता डॉक्टर चाळीस मिनिटंही बसू देत नाहीत. खोली नांदेडला अंगणात उभी असते, साडू दर रविवारी तिच्या चाकांत हवा भरतात. कशाला, असं मी एकदाही विचारलेलं नाही.

मला मात्र समुद्रावरून आलेला त्यांचा फोन आठवतो. मी दुकानात होतो, समोर गिऱ्हाईक उभं होतं. साडू हळू आवाजात बोलत होते. खोलीचं दार पाण्याकडं करून उभी केली आहे, म्हणाले, अक्का पलंगावर कुशीला झोपून सकाळपासून बघत आहेत, जेवायलाही उठल्या नाहीत. "थांबा, तुम्हाला लाटा ऐकवतो." त्यांनी फोन बाहेर धरला. मी वही-पेनं बाजूला सारून कान लावला. नुसता वारा घोंघावत होता, दुसरं काही नाही.

"ऐकू येऊन राहिलं का, साडू?"

"हाव," मी म्हणालो, "येऊन राहिलं. अजून जरा धरा."