लुटायला लाजणारी पोरं

बोरन्हाण करायचं ते मूल पाच वर्षांचं व्हायच्या आत. आमची नात पुढच्या संक्रांतीला पाच ओलांडणार, म्हणजे आता यंदा नाही तर कधीच नाही! आणि लेक तिकडं कॅनडात बसून म्हणते कशी, "आई, राहू दे गं. इथं बोरं नाहीत, हलवा नाही, बिल्डिंगमध्ये एक मराठी पोर नाही. कुणाला काय कळणार?"

"कळायचंय काय त्यात? हिच्या डोक्यावर ओतायचं, बाकीच्यांनी लुटायचं. तुझ्या बोरन्हाणाला आपल्या धारवाडच्या घरात निम्मी पोरं कानडीच होती की! त्यांना कुणी शिकवलं होतं?"

आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "रथसप्तमीपर्यंत चालतं ना ते? मग तोवर ही काही फोन सोडत नाही."

नाहीच सोडला! शेवटी लेकीनं ऐकलं. चुरमुऱ्यांच्या जागी मक्याच्या लाह्या, बोरांच्या जागी तिकडची निळी निळी बारकी फळं, हलव्याच्या जागी चॉकलेटच्या गोळ्या. मी म्हटलं, चालतंय!

आमच्याकडं रविवारची सकाळ, त्यांच्याकडं शनिवारची संध्याकाळ. शेजारच्या कानडी अक्का आवरून सावरून, कुंकवाची कुयरी घेऊन आल्या, जणू इथंच समारंभ आहे, आणि आमचा फोन हातात धरूनच बसल्या. तिकडं जावयानं फोन धरला. पाट नव्हता, उशीवर बसवलेली नात काळ्या फ्रॉकमध्ये अशी दिसत होती म्हणून सांगू! भोवती बिल्डिंगमधली पोरं, कुणी गोरं, कुणी सावळं, कुणी मिचमिच्या डोळ्यांचं. लेकीनं ओवाळलं, भांडं उचललं आणि ओतलं.

आणि काय सांगू, एक पोर हललं नाही! सगळी हात मागं बांधून, शहाण्यासारखी रांगेत उभी. दुसऱ्याच्या घरात काही ओढून घ्यायचं नाही, ही त्यांना शिकवण. लाह्या आपल्या गालिच्यावर पडलेल्या.

"नोड्री, मक्कळु सुम्म निंतावल्री!" अक्कांनी कपाळावर हात मारला. खरंच, पोरं नुसती उभीच होती.

लेकीचा चेहरा पडला. "बघ, आई. म्हटलं होतं ना मी तुला?"

हा एकच मोका, आणि तो असा जाणार? मी फोन अक्कांच्या हातातून ओढला आणि गल्लीत ओरडावं तशी ओरडले, "तगोळ्रो! घ्या की रे! लुटा!"

नातीनं वर बघितलं, खुदकन हसली आणि स्वतःच्याच लाह्यांवर पालथी पडली. दोन्ही मुठी भरून तोंडात! ते बघून एक बारकं पोर सटकलं, मग दुसरं, मग काय विचारता! गालिच्यावर नुसती झोंबाझोंबी. आणि इतकी वर्षं फोनवर गुळगुळीत, जपून बोलणारी माझी लेक दुसरं भांडं ओतत, आमच्या अंगणातल्यासारखी किंचाळली, "तगोळ्रो, तगोळ्रो!" पोरंही तेच ओरडायला लागली, कुठल्या कुठल्या उच्चारात! इकडं अक्का हसून हसून खुर्चीतून घसरायच्या बेतात.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरची एक बाई, कडेवर दोन वर्षांचं पोर घेऊन, लेकीच्या कानाशी काहीतरी बोलली. लेक धापा टाकत फोनजवळ आली. केसांत लाह्या.

"आई, रथसप्तमी कधी आहे गं? हिच्या बाळाचंपण करायचंय म्हणते. आमच्याच घरी."

मी उत्तर देईस्तोवर यांनी खिळ्यावरचं कॅलेंडर काढूनसुद्धा आणलं होतं.