पांढरकवड्याचा लेफ्टनंट

माझा थोरला भाऊ पुढे लष्करात जनरल झाला. गावानं त्याचा सत्कार केला, वर्तमानपत्रात फोटो आला. पण आमच्या घराला त्याचा अभिमान वाटू लागला तो फार आधी, त्याच्या खांद्यावर नुसते दोन तारे होते तेव्हा.

आम्ही पांढरकवड्याचे. बाबा तिथल्या केळापूर तहसील कचेरीत नाझर होते. घरात पिढ्यान्‌पिढ्या लेखणीच चाललेली, म्हणून दादानं वकील व्हावं असं बाबांनी मनात धरून ठेवलं होतं. आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच सुमाराला दादानं नागपूरला जाऊन सैन्याची परीक्षा दिली आणि तो खडकवासल्याला निघाला. बाबा त्याला पोचवायला मोटारस्टँडवर आले नाहीत. नाझरसाहेबांचा पोरगा शिपाई झाला, असं कचेरीत कुणीतरी म्हणालं होतं. ते त्यांना फार लागलं. पुढं दादा सुट्टीवर आला की दोघं शेजारी जेवायला बसत, पण बोलणं सगळं आईमार्फत.

बासष्टच्या लढाईत दादा सरहद्दीवर होता. बाबा रोज संध्याकाळी चौकातल्या हॉटेलपुढे रेडिओ ऐकत उभे राहत आणि घरी येऊन जेवायला पाटावर बसत. अखेर तो सुखरूप असल्याची तार आली. उन्हाळ्यात रजेवर आला तेव्हा आईनं खोदून खोदून विचारलं. थंडी फार होती, एवढंच तो म्हणाला आणि रजा संपताच परत गेला.

पोळा झाल्यावर एका सकाळी दारात बैलगाडी थांबली. मुकुटबनकडच्या तांड्यावरचं एक म्हातारं बंजारा जोडपं उतरलं, मागून काठी टेकत त्यांचा तरुण मुलगा. लेफ्टनंटसाहेबांचं घर हेच का, असं म्हाताऱ्यानं विचारलं. मुलगा दादाच्याच तुकडीतला जवान होता. बर्फानं त्याच्या पायाची बोटं गेली होती.

ओसरीवर बसून त्यानं सांगितलं. माघार घेताना त्याचे पाय बधिर झाले, चालवेना. मले इथंच ठेवा आणि तुम्ही निघा, असं त्यानं दादाला विनवलं. दादानं त्याला पाठीवर घेतलं. दुसरे जवान आळीपाळीनं घ्यायला तयार होते, पण अवघड उतार आला की दादाच पुढं व्हायचा.

"मी लई सांगितलं," तो म्हणाला. "तं साहेब म्हणाले, तुले इथं सोडलं तं आपल्या मुलखात कोणत्या तोंडानं जाऊ?"

आईनं पदर डोळ्यांना लावला. मला माझ्या भावाची नव्यानं ओळख होत होती. बाबा कचेरीत जायच्या तयारीत, कोट घालून उभे होते. त्यांनी तो कोट काढून खुंटीला अडकवला, म्हाताऱ्याला हाताला धरून आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः सतरंजीवर बसले. त्या दिवशी ते कचेरीत गेले नाहीत.

म्हातारी तिच्या बोलीत आईशी काहीतरी बोलली. आईला कळलं नाही, म्हणून म्हाताऱ्यानं सांगितलं, "ते म्हणून राह्यली, आता हा पोरगा दोघींचा."

दादा पुढच्या रजेवर आला तेव्हा बाबा मोटारीच्या वेळेआधीच स्टँडवर जाऊन उभे होते. त्याची ट्रंक हमालाला न देता एका बाजूनं त्यांनी स्वतः धरली. घरी येईपर्यंत दोघं काय बोलले ते आम्हाला कधीच कळलं नाही. पण जेवताना आईला मध्ये काही बोलावं लागलं नाही.

त्याच रजेत तांड्यावर त्या जवानाचं लग्न निघालं. आम्ही सगळे गेलो. ओळख नसलेल्या एकानं बाबांना विचारलं, तुम्ही कोण? इतकी वर्षं याचं उत्तर 'केळापूर तहसीलचा नाझर' असं असायचं.

"मी साहेबाचा बाप," बाबा म्हणाले, आणि पंगतीत दादाच्या शेजारी बसले.